बंदर कुठंय?

पौष शुद्ध तृतीया

"पण मावशी, बंदर कुठंय?" रेवदंड्याच्या कोटात, सातखणी बुरुजाच्या पायथ्याशी पडलेल्या तोफेवर बसून चिमीनं विचारलं. प्रश्न साधा, पण सकाळपासून कुसळासारखा टोचतोय.

अलिबागजवळच्या चौल बंदराची सनावळी तोंडपाठ होती. १५०८च्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो इथंच खाडीच्या तोंडाशी मारला गेला. १५२१ला निजामशहाची परवानगी घेऊन पोर्तुगीजांनी शेजारच्या रेवदंड्यात कोट बांधायला घेतला, १७४०ला तो मराठ्यांकडे आला. रशियाचा व्यापारी निकितीन पंधराव्या शतकात विकायला घोडा घेऊन चौलातच उतरला. त्याचा स्तंभ रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात आहे. हे सगळं सांगून झालं. तिनं 'कधी' विचारलंच नव्हतं. तिनं 'कुठं' विचारलं होतं.

फिरवण्यात काही उणं नव्हतं. चौल-रेवदंड्यात आधी काय आणि नंतर काय हे तिथीवर ठरतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरायचा. आज तृतीया, म्हणजे भरती सव्वादोनला आणि ओहोटी सकाळी आठच्या सुमाराला. म्हणून आधी कोटाची समुद्राकडची बाजू तटाबाहेरून, काळ्या पुळणीतून, आणि दहाच्या आत परत. भरतीला पाणी तटाला लागतं, आणि शेवाळलेल्या दगडांवर चपला टिकत नाहीत. अष्टमीला ओहोटी दुपारी बारा वाजता येते. तेव्हा उलटं करायचं: ऊन चढायच्या आत भोवाळ्याच्या दत्ताच्या पायऱ्या, मग रामेश्वराची पुष्करणी, हमामखाना, आणि कोट सगळ्यात शेवटी. दत्तजयंतीपासूनचे जत्रेचे दिवस मात्र टाळावेत. रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. (जत्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी. ताईला जायचंच असतं. असो.)

सुपारीच्या वाड्यांमधल्या बोळांतून जाताना कुणी बंदर विचारत नाही, कारण सावलीत सगळं पटतं. प्रश्न उन्हात येतात.

आणि बंदर दाखवायचं तरी काय? देऊळ दाखवता येतं, बुरूज दाखवता येतो. चौलाला धक्का असा नव्हताच. कुंडलिकेची खाडी हेच बंदर. गलबतं भरतीला आत यायची, मोठी प्रवाहात नांगर टाकायची, माल होड्यांतून काठावर. लहान तारवं ओहोटीला चिखलात बसायची आणि पुढच्या भरतीला उठायची. सगळा व्यवहार पाण्याच्या खोलीवर. खोली गेली की तिचे अवशेष राहत नाहीत, चौथरासुद्धा नाही. डोंगरातून माती येत राहिली, खाडी गाळानं भरत गेली. तिकडे मुंबई इंग्रजांच्या हातात गेली. मोठ्या जहाजांना लागणारं खोल, आडोशाचं पाणी तिथं होतं. चौलचे विणकर आणि व्यापारी त्या पाण्यामागे गेले. गावात राहिलं ते नारळ-सुपारी आणि देवळं.

हे तिला तेव्हाच्या तेव्हा सांगता आलं नाही याचं वाईट वाटतंय. नाही, खरं तर याचं नाही. आयुष्यभर 'प्राचीन बंदर' म्हणत माणसं फिरवायची आणि बोट रोखायला जागा नसावी, याचं वाटतंय. कोटातल्या पडक्या चर्चसमोर लोक फोटो काढतात, ते गेली कित्येक वर्षं आपण बंदर म्हणून खपवतोय की काय? अण्णा असते तर हसले असते. त्यांचं इथं नको.

चिमीचं म्हणाल तर उत्तराची वाट न बघता ती सोलकढीच्या मागे लागली. घरी जाऊन आईला तिनं काय सांगितलं? "मोठ्ठी तोफ आणि खूप खेकडे." खेकडे खाडीचेच, म्हणजे बंदरातलं काहीतरी पोरीच्या हाती लागलं म्हणायचं. आपण उगाच व्हाइसरॉयच्या पोराला मध्ये घेतलं.

पुढच्या खेपेला सुरुवात खाडीवरच्या साळावच्या पुलावरून. पूर्ण ओहोटीला, उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत. तेव्हा पाणी सगळ्यात खाली जातं, चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि मधली पाण्याची वाट वेगळी दिसते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, हा फरक कळत नाही. एका अंगाला कोर्लईचा डोंगर, दुसऱ्या अंगाला रेवदंड्याचा कोट: बंदर ह्या दोघांच्या मध्ये, एवढं बोट दाखवून सांगता येईल. सहा तासांनी तिथंच परत यायचं आणि भरतीत तीच जागा बघायची. पण पुलावर रेंगाळायचं नाही, ट्रक फार अंगावरून जातात. बघायचं ते रेवदंड्याच्या बाजूला उतरून, काठावरून. चिमीला जुन्या चपला घालायला सांगायच्या. चिखलात गेलेली चपल ओढून काढताना पट्टा तुटतो.