चंद्रावरची सहा किलो साखर

२८ फेब्रुवारी जवळ आली की शाळेच्या व्हरांड्यात बाकं ओळीनं लागायची. रामन परिणामाचा शोध १९२८ सालचा, त्याच्या स्मरणार्थ १९८७ पासून विज्ञान दिन, वगैरे भाषण व्हायचं; आम्हाला तास बुडतात याचाच आनंद. प्रदर्शनातला ज्वालामुखी दरवर्षी तोच असायचा, फक्त रंग नवा.

आठवीत आमच्या गटाला 'वस्तुमान आणि वजन' मिळालं. ज्वालामुखी हुकला म्हणून आम्ही दोन दिवस फुगून बसलो होतो. साहित्य काय, तर प्रयोगशाळेतला ताणकाटा आणि कोपऱ्यावरच्या वाणीकाकांचा मागून आणलेला तराजू. येईल त्याला पोपटासारखं सांगायचं: वस्तुमान म्हणजे वस्तूतलं द्रव्य, ते कुठंही तेवढंच. वजन म्हणजे पृथ्वी तिला ओढते ते बल, एका किलोला सुमारे ९.८ न्यूटन. चंद्रावर त्याच्या एक षष्ठांश. पालक मान डोलवायचे आणि ज्वालामुखीकडे सरकायचे.

दुपारी काका स्वतः आले, बहुधा तराजू शाबूत आहे ना ते बघायला. "चंद्रावर दुकान टाकलं तर किलोभर साखर किती भरेल रे?"

"एक षष्ठांश," मी ठोकून दिलं.

"कशावर तोलणार?" बाईंनी मागून विचारलं.

माझी बोबडी वळली. मग बाईंनीच उलगडून सांगितलं. तराजूत साखरेची ओढ कमी झाली तशी पलीकडच्या मापाचीही झाली. दांडी सरळच, साखर नेमकी किलोभर. ताणकाट्याची स्प्रिंग मात्र ओढीनंच ताणली जाते. पृथ्वीवरचाच काटा नेला, तर किलोच्या खुणेपर्यंत यायला सहा किलो साखर लागेल.

"म्हणजे ताणकाटेवाला बुडाला!" काका खूश.

व्याख्या घोकून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते साखरेनं शिरलं. तरी घरी आम्ही 'माझं वजन ४० किलो' असंच म्हणायचो, आणि त्यासाठी कुणी मुलांचे गुण कापावेत असं मला आजही वाटत नाही.

शेवटचा कार्यक्रम ठरलेला. सर गच्चीवरून तळाशी भोक पाडलेला, पाण्यानं भरलेला डबा सोडायचे. हातात असताना धार लागलेली, सुटला की धार बंद! डबा आणि पाणी एकाच वेगानं पडतात, त्यामुळे पाण्याचा भार तळावर उरतच नाही. त्या वर्षी डबा आदळला आणि पुढं उभे असलेले काका चिंब भिजले.

"सर, एकदा परत टाका," ते वर बघून ओरडले, "मी भोक कुठंय तेच शोधत होतो!"