विसण

दुपारी तीनच्या सुमाराला खिडकीच्या कट्ट्यावर खोबरेलाची बाटली उन्हं खात उभी दिसली की समजावं, थंडी पडली. वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचा फोटो आणि निफाडचा पारा हे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतं. बाटलीला आदल्या रात्रीच कळलेलं असतं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गेलं की थिजायला लागतं. आधी नुसतं गढूळ होतं, मग कडेनं पांढरं धरतं आणि पहाटेपर्यंत बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. मुंबईत आणि कोकणपट्टीत हे कौतुक दहा वाजेपर्यंत टिकतं, मग आपोआप पाघळतं. टोरांटोच्या मराठी घरात तेच तेल महिनोन् महिने डबीत लोण्यासारखं बसलेलं असतं, त्यामुळे तिथे या थर्मामीटरचा काही उपयोग नाही.

निमुळत्या तोंडाच्या बाटल्या होत्या तेव्हा घरोघरी तेल उकरायचं एक हत्यार असे. विणकामाची सुई, खराट्याची काडी, नाहीतर जळून संपलेली उदबत्ती. उदबत्तीचा तुकडा हमखास आत मोडायचा आणि पुढे होळीपर्यंत तेलात दिसत राहायचा. आता रुंद तोंडाच्या डब्या आल्या. सोय झाली हे खरं, पण सगळ्या घराची बोटं आणि सगळ्यांचे केस त्यात जातात, आणि ओल्या बोटांचं पाणी गेलं की तेल लवकर खवट होतं. कोरडा चमचा वापरावा. फ्रीजमध्ये थिजलं म्हणजे तेल शुद्ध, ही समजूतही अर्धीच खरी. मुळीच थिजलं नाही तर शंका घ्यायला जागा आहे. पण पामच्या बियांतल्या गराचं तेलही जवळजवळ त्याच तापमानाला थिजतं, तेव्हा थिजण्यावरून कुणाला प्रमाणपत्र देऊ नये.

ऊन नसेल तर बाटली पाण्याच्या तांब्यात उभी करायची. इथेच गडबड होते. घाईत गॅसवरचं उकळतं पाणी ओततात, प्लॅस्टिकची बाटली कंबरेत वाकते, झाकण पुन्हा कधी नीट बसत नाही. खोबरेलाला पंचवीस-सव्वीस अंश पुरतात हो. विसणलेलं पाणी घ्या, पाच मिनिटं थांबा.

विसणलेलं. हा शब्द आता किती घरांत उरलाय कोण जाणे. कढत पाण्यात सोसवेल इतकं गार पाणी घालायचं ते विसण. न्हाणीघरातून ‘अगं, विसण दे’ अशी हाक यायची. तांब्याच्या बंबात करवंट्या, ढलप्या, नारळाची सोडणं पेटलेली, तोटीतून येणारं पाणी चटका देणारं आणि शेजारी हौदाचं पाणी बर्फासारखं. या दोन टोकांच्या मधली जागा हातानं शोधायची. मिक्सरचा नळ आला आणि शब्द गेला. पाणी नळातच विसणून येतं, फक्त ते किती विसणायचं याचा हाताचा हिशोब सुटला. पूर्ण डावीकडे फिरवलेला नळ आणि आरसा दिसेनासा होईल इतकी वाफ, ही आता थंडीतली अंघोळ.

हिशोब तसा सोपा आहे. नळाचं पाणी २० अंशांचं धरलं तर एक तांब्या उकळतं आणि तीन तांबे गार मिळून ४० अंश होतात. मोठ्या माणसाच्या अंघोळीला ही वरची हद्द. तान्ह्या बाळाला ३७-३८ पुरे, म्हणजे आणखी अर्धा तांब्या गार. बाळाचं पाणी बोटांनी बघू नये, भांडी घासून आणि तव्यावरची भाकरी उलटून बोटं निबर झालेली असतात. कोपर बुडवावं. कोपराला पाणी ना गरम ना गार लागलं की झालं. गार पाण्यात गरम ओतू नये, ते अशुभ, असं काही जुन्या घरांत म्हणत. ज्या घरात रांगतं मूल आहे तिथे नेमकं उलट करावं. बादलीत आधी गार, मग कढत. नुसत्या कढत पाण्याची बादली एक क्षणही न्हाणीत एकटी राहता कामा नये.

कढत पाण्यानं थंडी पळते, पण तेवढ्यापुरती. अंगावरचं तेलही त्याबरोबर वाहून जातं. कातडीत पाणी धरून ठेवायचं काम त्या तेलाचं, आणि थंडीतली हवा कोरडी. मग आठ दिवसांत पोटऱ्यांवर पांढऱ्या रेघा उठतात, नखानं अंगावर नाव लिहिता येतं, रात्री पांघरुणात शिरलं की खाज सुरू होते. त्यावर मंडळी आणखी कढत पाणी घेतात, कारण खाजेवर ते बरं वाटतं. साबणाचंही तसंच. काखा, जांघा, पावलं एवढ्यालाच रोज साबण लागतो. बाकीच्या अंगानं रोज काही गुन्हा केलेला नसतो.

तेल लावायचं तर अंघोळीआधी आणि तेही कोमट. तिळाचं तेल बरं, कितीही थंडी पडली तरी ते आपल्याकडे थिजत नाही. वाटीत दोन मोठे चमचे घ्यायचं, वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, तेल थेट गॅसवर धरायचं नाही. लांब हाडांवर वर-खाली, सांध्यांवर गोल, पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. पावलं सर्वांत शेवटी, आणि तीही पाटावर बसून. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीपासून संक्रांतीपर्यंत म्हाताऱ्या माणसांच्या खुब्याची हाडं मोडतात त्यातली काही या तेलकट फरशीवरच मोडतात, म्हणून तेल मुरेपर्यंतची वीस मिनिटं जागचं हलू नये आणि उठण्याआधी तळवे पंचानं कोरडे करावेत. मग डाळीचं पीठ किंवा उटणं. पीठ नुसतं तेल टिपण्यापुरतं चोळायचं, खरवडायचं नाही. ज्यांना हा सगळा सोहळा रोज जमत नाही (म्हणजे सगळ्यांनाच), त्यांनी अंघोळीनंतर अंग टिपून घ्यावं आणि ते जरा ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत चमचाभर खोबरेल पसरावं. कोरड्या ठणठणीत अंगावर तेच तेल लावलं तर ते नुसतं सदऱ्याला लागतं. जाता जाता एक. तेलाच्या अंघोळीनंतर मोरीत तांब्याभर कढत पाणी ओतावं, तिथे विसण नको. नाहीतर महिन्यानं मोरी तुंबते आणि दोष केसांवर जातो.

टाचांचा विषय निराळा. भेगा एकदा खोल गेल्या की खोबरेल तिथे टिकत नाही, अंगाच्या उबेनं पातळ होऊन पायमोज्यात उतरतं. तिथे कोकमाचं तेल हवं. कोकणात याला मुठेल म्हणतात. रातांब्याच्या बिया वाळवून फोडतात, आतला गर कुटून पाण्यात उकळतात, वर तरंगणारं तेल काढून निवत आलं की मुठीत दाबून त्याचे गोळे वळतात. गोळ्यावर बोटांचे वळ राहतात. फिकट पिवळसर, मेणासारखा, हाताला कोरडा लागणारा. तो ३८-४० अंशांना विरघळतो, म्हणजे अंगाच्या उबेच्या किंचित वर, आणि सगळी करामत त्यातच आहे. भेगेत पातळ होऊन शिरतो आणि पायाच्या उबेनं वितळून बाहेर येत नाही, आतच थिजून बसतो, भेग लिंपल्यासारखा.

लावायची रीत अशी. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवायचे, पाण्यात मीठ नको, मिठानं कातडी आणखी वाळते. वजरीनं मेलेली कातडी हलकेच घासायची, लाल होईपर्यंत नव्हे. पाय पुसायचे. चमचा तापवून गोळ्याला टेकवला की चमच्यात तेल गोळा होतं. आता थांबायचं. पूर्वी पेटत्या दिव्यावर गोळा धरून थेंब सरळ भेगेत पाडत, आणि चटका बसला की ‘गुण येतोय’ म्हणत. गुण बिण काही नाही, तो भाजल्याचा चटका. चमच्यातलं तेल करंगळीला सोसवलं की भेगेत भरायचं, वरून सुती मोजे चढवायचे. सात-आठ रात्रींत भेग मिटायला लागते. भेगेतून रक्त येत असेल, किंवा मधुमेह असून पायाला चटका नीट कळत नसेल, तर हे प्रयोग घरी करू नयेत. अशांनी पाय डॉक्टरांना दाखवावा.

घशाच्या बाबतीत फारसं काही सांगण्यासारखं नाही. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या. ‘कोमट’ या शब्दाची करोनाच्या दिवसांत यथेच्छ थट्टा झाली, पण सुजलेल्या घशाला कढत पाण्यापेक्षा तेच बरं. त्याच दिवसांत, २०२० साली, आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोनदा घ्या असं सांगितलं होतं. आपल्याकडे लोकांनी तो पाच-पाच वेळा ढोसला आणि मग तोंड आलं, छातीत जळजळ झाली. दोन कप पाण्याला चार मिरी, बोटाच्या पेराएवढं आलं, सात-आठ तुळशीची पानं, गवती चहाची एक पात. आटवून एक कप, दिवसाला एवढंच. ज्येष्ठमधाची कांडी चघळायला गोड लागते, पण ती रोज आणि पुष्कळ चघळली की रक्तदाब चढतो, त्यामुळे दाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, कुणी कितीही जुन्याजाणत्या माणसानं सांगितलं तरी.

वाफेचं भांडं मांडीवर घ्यायचं नसतं. टेबलावर ठेवायचं, उकळी बसल्यावर मिनिटभर थांबायचं, मग टॉवेल. मुलांना टॉवेलखाली घालूच नये.

पण विसणाचा खरा कस डिंकाच्या लाडवात लागतो. पाव किलो खारकेची पूड, पाव किलो सुक्या खोबऱ्याचा कीस, १०० ग्रॅम डिंक, ५० ग्रॅम खसखस, मूठभर बदाम किंवा गोडंबी, साडेतीनशे ग्रॅम साधा गूळ, दोनशे ग्रॅमच्या आसपास तूप. खोबऱ्याच्या प्रत्येक वाटीचा तुकडा आधी चाखून बघावा, एक खवट वाटी सगळी परात बाद करते. डिंकाचे हरभऱ्याएवढे खडे करून दोन तास कडक उन्हात ठेवायचे, तोच खोबरेलाचा खिडकीचा कट्टा. न वाळवता तळला की वरून फुलतो, आत काचेसारखा राहतो आणि दाढेला चिकटतो. तूप मध्यम तापवायचं, चमचाभरच डिंक एका वेळी टाकायचा. खडा तळाशी जातो, क्षणभर गप्प बसतो, मग तडतडत तिप्पट होऊन वर येतो. एक काढून वाटीच्या बुडाखाली चिरडायचा. लाहीसारखा चुरा झाला तर ठीक, मधे खडा लागला तर आच कमी करून पुढचा घाणा.

मग पाक. खरं तर पाक नकोच. उरलेल्या तुपात गूळ विरघळला, कडेनं एकदा बुडबुडे आले, की खाली. चिक्कीचा गूळ घेतला किंवा पाण्यात टाकलेला थेंब टणक गोळी होईपर्यंत उकळला, तर लाडू अडकित्त्यानं फोडावे लागतात. मिश्रण हाताला चटका न देता गरम लागेल तेवढ्याच वेळात वळायचं असतं. अति गरम असताना वळले तर बसतात, निवल्यावर वळायला घेतले तर फुटतात. अशा वेळी दूध शिंपडायचा मोह होतो. दूध घातलेला लाडू चार दिवसांत वास मारतो. परात मंद आचेवर दोन मिनिटं धरावी, चमचाभर गरम तूप सोडावं आणि दोघांनी मिळून वळायला बसावं. एकट्यानं होत नाही हे काम, शेवटचे पाच लाडू नेहमी भुगाच राहतात आणि तो भुगाच सगळ्यांना जास्त आवडतो. सकाळी एक लाडू, वर कोमट दूध. दोन खाल्ले तर जेवण कमी करा.

हे सगळं हाताच्या अंदाजाचं. एक गोष्ट मात्र हाताला, कोपराला, नाकाला कशालाच कळत नाही. न्हाणीघरातल्या गॅस गीझरची ज्योत खोलीतला प्राणवायू खाते, आणि तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड सोडते. रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, पायातलं बळ जातं, कडीपर्यंत हात पोचत नाही. हे घडतं ते नेमकं थंडीत, कारण गार वारा येतो म्हणून वरची झडप आपणच बंद केलेली असते, बाहेर फेकणाऱ्या पंख्याच्या भोकात आपणच जुनं फडकं कोंबलेलं असतं. गीझर न्हाणीच्या बाहेर बसवावा. ते होईतो बादल्या भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा, दार पाच मिनिटं सताड उघडं ठेवावं, आणि मगच अंघोळीला आत जावं. ज्योत निळी असायला हवी. पिवळी दिसली तर त्या दिवशी अंघोळ चुलीवरच्या पाण्यानं. आत गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार फोडायचं, गॅस बंद करायचा, त्याला उघड्यावर आणायचं, पाणी-बिणी मारत न बसता दवाखाना गाठायचा.

झडपेत कोंबलेलं फडकं आजच काढा. खोलीलाही थोडं विसण लागतं.