जेवणाऱ्यांसमोर गाणारी बाई

धान घरात आले की पूर्व विदर्भातल्या आमच्या वडसा-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात झाडीपट्टीच्या नाटकांना रंग चढतो. मंडई (गावची जत्रा) किंवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने घरोघरी पाहुणे आलेले असतात आणि रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. मागच्या हंगामात अशाच एका नाटकात मध्यरात्र उलटल्यावर, दोन प्रवेशांच्या मध्ये, एका गायिकेने खर्जातल्या भरदार आवाजात ‘रंबा हो’ सुरू केले, आणि चहाच्या टपरीवर गेलेली निम्मी माणसे हातातले कप तसेच घेऊन मंडपात परतली. १९८१ सालच्या ‘अरमान’मधले, बप्पी लाहिरींच्या संगीतातले हे गाणे तिथे बसलेल्या अनेकांच्या जन्माआधीचे होते.

ते मूळ गाणाऱ्या उषा उथुप यांचा जन्म १९४७ साली मुंबईत, एका तमिळ कुटुंबात झाला. वडील पोलीस खात्यात होते. शाळेतल्या संगीताच्या तासाला त्यांचा आवाज गाण्याजोगा नाही असे ठरवून त्यांना बाजूला काढले गेले, ही हकिकत त्यांनी पुढे अनेकदा हसत सांगितली आहे. (आमच्याकडे अशा आवाजाच्या मुलीच्या हाती भजनात टाळ देतात. मीही वर्षानुवर्षे टाळच वाजवले.) शास्त्रीय शिक्षण नसलेल्या या मुलीने १९६९ साली मद्रासच्या माउंट रोडवरील ‘नाइन जेम्स’ या छोट्या नाइटक्लबमध्ये गायला सुरुवात केली आणि तिथून मुंबईमार्गे ती कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील ‘ट्रिंकाज’ या हॉटेलात पोहोचली.

चित्रपटांनी त्यांना घरोघरी नेले हे खरे असले, तरी माझ्या मते त्यांची खरी घडण ट्रिंकाजमध्येच झाली. मैफलीला आलेला श्रोता गाणे ऐकायच्या तयारीनेच बसतो. हॉटेलात आलेला माणूस मात्र जेवायला, दोन घोट घ्यायला, व्यवहाराचे बोलायला आलेला असतो आणि गाणारीकडे लक्ष देण्याचे त्याला काहीही बंधन नसते. अशा माणसाची मान वळवायची तर समोर कोण बसले आहे ते ओळखून गाणे निवडावे लागते, मध्येच गप्पा माराव्या लागतात, प्रसंगी भाषाही बदलावी लागते. पंधराहून अधिक भारतीय भाषांत गाण्याची त्यांची तयारी मला या रोजच्या गरजेशी जोडलेली वाटते.

त्या काळी क्लबमधल्या गायिकेने पाश्चात्त्य झगा घालावा अशी रीत असताना उषाताई कांजीवरम साडी, केसांत फुले, हातभर बांगड्या आणि ठसठशीत टिकली अशा वेशात उभ्या राहिल्या. घरात साडीच नेसत असल्यामुळे तिथेही तीच नेसले, एवढेच त्यांचे म्हणणे. परिणाम मात्र मोठा झाला, कारण जिथे घरच्या बायकांना नेणे लोकांना अवघड वाटे, तिथे माणसे कुटुंबासह येऊ लागली. आमच्या भागात नाटकात गाणाऱ्या बाईविषयी रात्री टाळ्या वाजवणारेच सकाळी काय बोलतात ते ऐकलेले असल्याने त्या साडीचे मोल मला जरा जास्तच कळते.

तरीही बोल लावणारे होतेच. ऐंशीच्या दशकात पश्चिम बंगालच्या एका मंत्र्याने त्यांचे गाणे म्हणजे अपसंस्कृती आहे असे ठरवून सरकारी सभागृहांची दारे त्यांना बंद केली; त्या कोलकाता उच्च न्यायालयात गेल्या आणि जिंकल्या. शहर मात्र त्यांनी सोडले नाही, उलट कपाळावरच्या टिकलीत कोलकात्याचे बंगाली ‘क’ हे अक्षर मिरवले. २०११ साली पद्मश्री आणि २०२४ साली पद्मभूषण मिळाले. साठी उलटल्यावर ‘डार्लिंग’ या गाण्यासाठी रेखा भारद्वाज यांच्याबरोबर फिल्मफेअर मिळाले, याचे मला पद्म पुरस्कारांपेक्षाही अधिक अप्रूप आहे.

नाटक संपल्यावर, पहाटे, मंचामागे पदर खोचून चहा घेत बसलेल्या आमच्या गायिकेला मी विचारले की, एवढ्या रात्री उठून गेलेली माणसे तुम्ही परत कशी आणलीत. कपात फुंकर घालत ती म्हणाली, “समोर बसले ते त आयकतेतच मॅडम. मी तिकडं टपरीकडं पाहून गातो.”