ताज्या चेरी आणि घरचा केक

काश्मीर आणि हिमाचलातील चेरी मे-जूनमध्ये बडोद्याच्या बाजारात येतात. खंडेराव मार्केटात त्या घेताना मी फळाच्या रंगाआधी देठ पाहते, कारण हिरवा, लवचिक देठ ही ताजेपणाची खरी खूण आहे आणि तो वाळून तपकिरी झाला असेल तर वरच्या चकाकीला काही अर्थ नसतो. चेरी आंब्यासारखी अढीत पिकत नाही, त्यामुळे फिकट फळे स्वस्तात मिळाली तरी घेऊ नयेत. घरी त्या न धुता, देठांसह फ्रिजमध्ये ठेवाव्यात.

बेकरीच्या केकवरील लालभडक ‘चेरी’ पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेले करवंद असते (मला ते आवडतेही). ताज्या फळाचा मुख्य प्रश्न मात्र त्याच्या रसाचा असतो. देठाच्या जागेतून जाड स्ट्रॉ दाबून बी काढावी, फळे चाळणीत निथळू द्यावीत आणि कोरडी टिपून घ्यावीत. ती मैद्यात घोळवली की तळाशी बसत नाहीत असे सांगतात, पण माझ्या मते मिश्रण घट्ट असणे अधिक महत्त्वाचे आहे. म्हणून मी पाव भाग मैद्याऐवजी बदामाची पूड घालते. बदाम आणि चेरी या दोन्ही वनस्पती प्रुनस प्रजातीतील असल्याने त्यांचे स्वादही छान जुळतात. आपल्याकडील चेरी बहुधा गोड असल्याने थोडा लिंबाचा रस हवाच. केक 180 अंश सेल्सिअसवर भाजावा आणि पूर्ण निवल्यावरच कापावा.