"छान लिहिलंयस" म्हणजे काही फीडबॅक नव्हे

कोर्समध्ये एकमेकांचे निबंध वाचून फीडबॅक द्यायचा असतो, तर पहिल्यांदा माझ्याकडे मैत्रिणीचा आला तेव्हा मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, चारदोन स्वल्पविराम टाकले, खाली "छान लिहिलंयस" लिहिलं आणि मोकळी झाले. निबंध चित्रावर होता आणि मी चित्र उघडून बघितलंसुद्धा नव्हतं!

चित्र म्हणजे फ्रेंच चित्रकार एदुआर मानेचं १८८२ चं, पॅरिसच्या फोली-बेर्जेर या करमणुकीच्या थिएटरमधला बार, लंडनला कोर्टोल्ड गॅलरीत असतं ते. (मानेचं चित्र असं लिहिलं की डोळ्यापुढे मानच येते, त्याला इलाज नाही.)

दुसरा ड्राफ्ट आला तेव्हा मात्र शेजारी चित्र उघडून बसले. निबंधात वाक्य होतं, "या चित्रात आधुनिक शहरातला एकटेपणा प्रकर्षाने जाणवतो." अगं जाणवतो, पण कुठे ते बोट ठेवून दाखव ना! बारवाली दोन्ही हात संगमरवरी काउंटरवर टेकून उभी आहे, नजर कुठेच लागलेली नाही, मागच्या आरशात ही एवढी गर्दी, आणि अगदी वर डाव्या कोपऱ्यात हिरवे बूट घातलेले दोन पाय लोंबतायत, झोक्यावरच्या कसरतवाल्याचे, म्हणजे तिकडे सर्कस चाललीये आणि ही इकडे वेगळ्याच जगात. निबंधात बुटांचा उल्लेखच नाही. मी मार्जिनमध्ये एवढंच लिहिलं, "एकटेपणा कशात दिसतो? वरचा डावा कोपरा बघ."

पुढे तिने एका ओळीत उरकलं होतं की मानेला आरसा नीट जमला नाही, कारण बारवालीचं प्रतिबिंब उजवीकडे भलतीकडेच पडलंय. मी "चूक" लिहून फुली मारणार होते, पण मग वाटलं, फुलीने ती फक्त वाक्य खोडेल, विचार करणार नाही. म्हणून विचारलं, "चित्राच्या एक्स-रेत दिसतं की त्याने रंगवता रंगवता ते प्रतिबिंब आणखी उजवीकडे सरकवलंय, मग हे न जमणं की मुद्दाम?"

आधी चिडली. दोन दिवस मेसेज नाही. मग त्या एका ओळीचं दीड पान करून पाठवलं, आणि त्यात माझं म्हणणं खोडून काढलंय, पुराव्यासकट.

हिरवे बूट मात्र घेतले नाहीत. म्हणाली, "ते तुझ्या निबंधात टाक."