जाई चावते, याची जबाबदारी कोणाची?

लग्नानंतर मी कोथरूडच्या ज्या घरात राहायला आले, त्या घरावर जाईची वहिवाट माझ्या कितीतरी आधीची होती. जाई म्हणजे माझ्या नवऱ्याची मांजर. पांढऱ्या, काळ्या आणि तांबूस रंगांची, अंगाने बारीक आणि आवाजाने खणखणीत. नवरा एकटा राहत असताना इमारतीच्या पार्किंगमध्ये आईविना पडलेले हे पिल्लू त्याने उचलून आणले, मांजरांच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या दुधाच्या पावडरीवर ड्रॉपरने वाढवले आणि पुढची काही वर्षे या घरात ती दोघेच राहिली. तो घरी आला की ती दारापर्यंत धावत जाते आणि रात्री त्याच्या पायांशी झोपते. मला पाहून मात्र ती फिस्कारत असे, सोफ्याखाली दबा धरून बसत असे आणि मी स्वयंपाकघराकडे निघाले की पोटरीला बोचकारून पळत असे.

अशा मांजरीबद्दल लोक दोनच सल्ले देतात. मांजर पाळणारे म्हणतात, "मांजर आहे, चावणारच; होईल सवय." न पाळणारे म्हणतात, "लांब कुठेतरी सोडून या." दुसऱ्या सल्ल्याचा आम्ही कधीच विचार केला नाही. घरात वाढलेल्या मांजरीला रस्त्यावर पोट भरणे कठीण जाते, आणि उपासमार होईल अशा स्थितीत पाळीव प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे. पण पहिला सल्लाही मला तितकाच बेजबाबदार वाटतो, कारण चावा सोसणाऱ्याने सोसत राहावे आणि चावणाऱ्या प्राण्याला नेमके काय होते आहे याची चौकशी कोणी करू नये, हे त्यात गृहीत धरलेले असते.

एका सकाळी चादर झटकताना तिने माझ्या उजव्या हाताला कडकडून चावा घेतला. वरून पाहिले तर दोन बारीक छिद्रे आणि रक्ताचे थोडे थेंब, एवढेच दिसत होते. दुसऱ्या दिवशी मात्र हाताची मागची बाजू सुजून लाल झाली आणि मूठ मिटेना. डॉक्टरांनी त्याचे कारण नीट समजावून सांगितले. मांजराचे सुळे सुईसारखे असतात, त्यामुळे जखम तोंडाशी लहान आणि आत खोल होते, आणि मांजराच्या तोंडातले पाश्चुरेलासारखे जिवाणू थेट आत पोहोचतात. हातावर कातडीखाली लगेच सांधे आणि स्नायुबंध असल्याने तिथला चावा अंगावर काढू नये, असे त्यांनी बजावले. मला प्रतिजैविके सुरू झाली, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आणि रेबीजची लसही झाली. जाईचे लसीकरण वेळच्या वेळी झालेले होते आणि ती घराबाहेर पडत नव्हती, तरीही डॉक्टरांनी लस टाळली नाही. शिवाय तिच्यावर १० दिवस लक्ष ठेवायला सांगितले. "घरचीच तर मांजर आहे" म्हणून जखमेला नुसती हळद लावणारी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते: जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दात खोल रुतून रक्त आले असेल, तर तो चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत मोडतो आणि लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. सरकारी रुग्णालयांत रेबीजची लस मोफत मिळते.

त्या रात्री नवऱ्याशी झालेले बोलणे मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते. तोवर तो "तिला थोडा वेळ दे, तिचा स्वभावच तसा आहे" असे म्हणत असे, आणि त्यात त्याचे तिच्यावरचे प्रेम होते हे मला दिसत होते. पण "स्वभाव" असे एकदा म्हटले की पुढे करण्यासारखे काहीच उरत नाही. मी त्याला सांगितले की, मला जाई या घरात हवी आहे. पण ती मला चावते हा माझा आणि तिचा आपसातला प्रश्न नाही. तिला ओळखणारा, तिला हात लावू शकणारा या घरात तू एकटाच आहेस, तेव्हा पुढचे पाऊल तूच उचलायला हवेस. त्याने ते मनावर घेतले. रजा काढली आणि तिला पशुवैद्यांकडे नेले.

तिथे जे कळले, त्याने मला फार वाईट वाटले. पिंजऱ्यात घालण्याआधी घरीच गॅबापेंटिन नावाचे औषध देऊन तिला शांत केले होते. मग भूल देऊन तोंड तपासले आणि दातांचा एक्स-रे काढला, तेव्हा खालच्या जबड्यातल्या दोन दाढा मुळाशी विरघळत चाललेल्या आढळल्या. मांजरांमध्ये हा विकार बराच आढळतो आणि अतिशय ठणकतो, पण मांजर दुखणे अंगावर काढते. ती खाणे सोडत नाही, ओरडत नाही, फार तर एकाच बाजूने चावून खाते. जाईच्या तोंडातून दाणे गळून पडतात हे मी पाहत आले होते. गालाजवळ हात गेला की ती का उसळते, याचा उलगडा तिथे झाला. त्या दाढा काढल्यावर आठवडाभरातच तिचा चेहरा सैल दिसू लागला, आणि नवऱ्यालाही जे अधूनमधून ओरखडे मिळत ते जवळजवळ थांबले.

उरलेला राग मात्र भीतीचा होता, आणि त्याला औषध नव्हते. पिल्लांचे माणसांशी आणि जगाशी नाते जुळण्याचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा मानला जातो. भावंडांबरोबर वाढणारे पिल्लू जोरात चावले की समोरचे भावंड खेळ सोडून निघून जाते, आणि त्यातूनच दाताला लगाम घालणे ते शिकते. जाईला भावंडे मिळाली नाहीत. तिला मिळाला एकच माणूस, एकच आवाज आणि खेळायला त्याच माणसाची बोटे. अशा जिवाला घरात आलेली दुसरी व्यक्ती घुसखोर वाटली, तर त्यात तिचा दोष कोणता?

संध्याकाळचे हल्ले त्याहून वेगळे होते. कितीतरी दिवस ते मला अकारण वाटत, पण एकदा मी गॅलरीच्या दारात उभी राहून तिच्याकडे नुसती पाहत राहिले. आधी पाठीवरची कातडी थरथरली, मग शेपटीचे टोक जमिनीवर आपटू लागले, कान आडवे झाले आणि डोळ्यांतल्या बाहुल्या इतक्या पसरल्या की डोळे काळेच दिसू लागले. तिची नजर खाली कुंपणाच्या भिंतीवर खिळली होती, आणि तिथे एक दांडगा पिवळा बोका ऐटीत चालला होता. त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही, म्हणून ती जवळून जाणाऱ्या माझ्या पायावर तुटून पडत असे. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार होता. पशुवैद्यांनी सांगितले की असा वळवलेला राग कधीकधी तासन्‌तास उतरत नाही आणि त्या वेळी तिला कुरवाळायला जाणे हे सर्वांत धोक्याचे. आम्ही गॅलरीच्या काचेच्या खालच्या भागाला दुधी फिल्म लावली. संध्याकाळचे हल्ले लगेच कमी झाले.

सासूबाईंनी पाण्याचा फवारा मारायला सुचवले होते. त्यांचा हेतू मला वाचवण्याचाच होता, पण घाबरलेल्या प्राण्याला आणखी घाबरवले तर त्याचा राग त्या माणसाशी कायमचा जोडला जातो, हे नवऱ्याने त्यांना शांतपणे समजावले. आम्ही उलट दिशेने गेलो. तिला कपाटावर चढायला फळ्या ठोकल्या, म्हणजे मी खोलीत असताना तिला वरून पाहता यावे. संध्याकाळचे खाणे देण्याचे काम नवऱ्याने माझ्याकडे सोपवले. वाटी ठेवायची आणि मागे सरायचे, एवढेच मी करत असे. हाताने खेळणे दोघांनीही पूर्ण बंद केले आणि लांब काठीला बांधलेले पीस आणले. तिच्याकडे रोखून पाहण्याऐवजी मी डोळे सावकाश मिटून उघडू लागले. २०२० मध्ये इंग्लंडमधील ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की, अनोळखी माणसाने अशी संथ पापणी मिटली तर मांजरे त्याच्या पुढे केलेल्या हाताजवळ यायला अधिक तयार होतात. जाईने कितीतरी आठवडे तिकडे दुर्लक्ष केले आणि मग एका दुपारी, मी जमिनीवर बसून लॅपटॉपवर काम करत असताना, तिनेही तसेच केले. मला त्याचा झालेला आनंद शब्दांत सांगणे अवघड आहे.

जाई आजही माझ्या मांडीवर येत नाही, आणि तिने यावे असा माझा आग्रहही नाही. ती माझ्या शेजारून जाते, कधी पायाला अंग घासते, आणि मी हात पुढे करत नाही. शेपटी आपटू लागली की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. दिवाळीत माझी पाच वर्षांची भाची राहायला येते, तेव्हा जाईला आमच्या झोपण्याच्या खोलीत पाणी, खाणे आणि लिटरचा ट्रे देऊन दार लावले जाते, आणि ते दार का उघडायचे नाही हे भाचीला नवरा स्वतः समजावून सांगतो. पाहुणे येण्याआधीची ही सगळी तयारी, तिच्या दातांची वर्षातली तपासणी आणि लसींच्या तारखा त्याच्याकडे आहेत, आणि मला त्याची आठवण करून द्यावी लागत नाही.