पारेंझाना, द्राक्षमळे आणि डिपॉझिटचा तो एक फॉर्म

पारेंझाना या सायकलमार्गाचे १२३ किलोमीटर आम्ही चार दिवसांत रमतगमत केले, पण त्याआधी भाड्याची सायकल हातात पडायला शनिवार सकाळपासून सोमवार सकाळ उजाडली, आणि माझा राग अजून त्या शनिवारवरच अडकलाय. म्हणजे द्राक्षमळ्यांचे फोटो आहेत फोनमध्ये दोनशे, पण डोळे मिटले की मला तो काउंटरच दिसतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पारेंझाना ही ऑस्ट्रिया-हंगेरीच्या काळात १९०२ मध्ये सुरू झालेली नॅरोगेज रेल्वे, आजच्या इटलीतल्या त्रिएस्तेपासून क्रोएशियातल्या पोरेचपर्यंत. रूळ ७६० मिलिमीटरचे, गाडी इतकी सावकाश की म्हणे लोक चढावर उतरून द्राक्षं तोडायचे आणि पुन्हा त्याच गाडीत चढायचे. १९३५ मध्ये बंद पडली, रूळ उखडले, आणि आता त्या मार्गावर सायकलचा रस्ता आहे, इटलीत तेरा किलोमीटर, स्लोव्हेनियात बत्तीस आणि उरलेले सगळे क्रोएशियात. गाड्यांचा त्रास जवळजवळ नाहीच. आणि रेल्वेचा मार्ग असल्यामुळे चढ कुठेही अंगावर येत नाही, तीन टक्क्यांच्या आतच. माझ्यासारखी चाळिशी ओलांडलेली, घाट दिसला की पाणी प्यायला थांबणारी बाई करू शकते म्हणजे बघा.

व्हिसाचं काही विशेष नाही. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला शेंगेनमध्ये आलं, त्यामुळे तिन्ही देशांना एकच व्हिसा चालतो, जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, आमचा वेळेत आला. विमानातून स्वतःची सायकल न्यायची नाही हे आधीच ठरलेलं, कारण सुरुवात एका गावात आणि शेवट दुसऱ्या गावात, मग तो मोठा खोका कुठे ठेवणार? म्हणून त्रिएस्तेत सायकल घ्यायची आणि पोरेचला सोडायची असं एका दुकानाशी ईमेलवर ठरवलं. सोबत माझा आतेभाऊ. बुकिंग माझ्या नावावर. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर शनिवारी अकरा वाजता दुकानात. सायकली तयार, सीटची उंचीसुद्धा लावून ठेवलेली, मी तर हेल्मेटच घातलं होतं. मग त्या माणसाने फॉर्म पुढे सरकवला. भाडं आधीच भरलं होतं, पण डिपॉझिट एका सायकलला ४०० युरो, दोन्हीचे ८००, तेही रोख नाही, क्रेडिट कार्डावर ब्लॉक करायचे, म्हणजे कापायचे नाहीत, सायकल परत मिळेपर्यंत अडकवून ठेवायचे. नसेल जमत तर पासपोर्ट ठेवून जा.

मी आधी फोरेक्स कार्ड काढलं. त्यात पैसे होते, भरपूर होते. मशीनने नाही म्हटलं, कारण ते प्रीपेड कार्ड, त्यावर रक्कम ब्लॉक करून घेत नाहीत. हे मला कोणीही सांगितलं नव्हतं म्हणून मी तुम्हाला सांगतेय. डेबिट कार्ड, नाही. मग क्रेडिट कार्ड, तेही नाही. आता घाम. आणि मग डोक्यात प्रकाश पडला की हे कार्ड दोनच महिन्यांपूर्वी नवीन होऊन आलंय, आणि २०२० पासून नवीन कार्डावर परदेशातला व्यवहार बंदच असतो, आपण स्वतः चालू करावा लागतो. घरी बसून अर्ध्या मिनिटाचं काम होतं हे.

चालू करायला ॲप. ॲपला ओटीपी. ओटीपी येणार भारतातल्या नंबरवर, आणि मी शहाणपणा करून रोमिंगचे पैसे वाचवायला ते सिम काढून हॉटेलच्या बॅगेत ठेवलेलं. आतेभाऊ म्हणतो, "ताई, देऊन टाकूया ना पासपोर्ट माझा, चार दिवसांचा तर प्रश्न आहे." मी त्याच्यावर डोळे वटारले. दुकानदारही म्हणाला की सगळेच देतात. सगळे देत असतील, त्यांच्याकडे दुसरं ओळखपत्र असतं, युरोपातल्या माणसाचं त्या ओळखपत्रावर भागतं. आपल्याला तीन देशांतून जायचंय आणि आपली ओळख म्हणजे ते एकच पुस्तक. शिवाय पासपोर्ट आपल्या मालकीचाही नसतो, भारत सरकारच्या मालकीचा असतो, हे मी त्या माणसाला माझ्या तुटक्या इंग्रजीत आणि त्याच्या तुटक्या इंग्रजीत पटवायचा प्रयत्न केला. त्याने खांदे उडवले आणि घड्याळ दाखवलं. साडेबारा. दुकान बंद, जेवणाची सुट्टी, साडेतीनला या.

हॉटेलात पळत गेलो, सिम घातलं, रोमिंगचा पॅक घेतला, ओटीपी आला, व्यवहार चालू झाला, साडेतीनला आम्ही शटरपाशी उभे. पहिले ४०० गेले! मी टाळी वाजवायचीच बाकी होते. दुसरे ४०० अडकले, कारण परदेशी व्यवहाराची मर्यादा वेगळी असते आणि ती मी वाढवलीच नव्हती. वाढवली. पुन्हा प्रयत्न केला तर बँकेला वाटलं कोणीतरी कार्ड चोरलंय, कार्डच बंद. कस्टमर केअरला फोन लावला, एक दाबा, नऊ दाबा, ते संगीत, आणि मग 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे'. पंचवीस मिनिटं! रोमिंगच्या दराने! शेवटी एक मुलगी आली आणि म्हणाली की मॅडम, सुरक्षेसाठी बंद झालंय, आता चोवीस तास लागतील.

मग आतेभावाचं कार्ड. ते चालू होतं, मर्यादाही होती, हा पठ्ठ्या नेहमी सगळं नीट करून येतो आणि सांगत नाही. पण फॉर्मवरचं नाव आणि कार्डावरचं नाव एकच हवं. म्हणजे एका सायकलचा करार त्याच्या नावावर नव्याने करायचा. तर करा ना! नाही, सिस्टीममधलं बुकिंग मालकीणबाई बदलतात, त्या सोमवारी येतात. रविवारी दुकान बंद.

रविवारी आम्ही मिरामारेचा महाल बघितला, ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने अगदी समुद्राच्या कडेला बांधलेला. सुंदर आहे म्हणे. मी प्रत्येक खोलीत बँकेच्या ॲपवरच होते. स्लोव्हेनियातल्या दोन रात्रींचं बुकिंग फुकट गेलं ते वेगळंच.

सोमवारी मालकीणबाईंनी दोन मिनिटांत नाव बदललं. दोन मिनिटांत! आणि वर हसून म्हणाल्या, शनिवारी मला फोन करायचा होता.

असो, रस्ता. त्रिएस्ते शहरात रहदारी आहे, तेव्हा तिथून मुज्जापर्यंत बोटीने जा, सायकल घेतात. हा मुज्जाचा किनारा म्हणजे तोच, जिथे १९१० मध्ये बोरा नावाच्या इथल्या सोसाट्याच्या वाऱ्याने आख्खी गाडी उलटवली होती, आमच्या वेळी मात्र पान हलत नव्हतं. पुढे कोपर, इझोला, सगळं डांबरी आणि समुद्राच्या जवळून, खडीवर चालणारी ग्रॅव्हल बाईक कशाला घेतली असं वाटायला लागतं. सेचोवल्येची मिठागरं गेली, क्रोएशिया आला, की खरी मजा. खडी, लाल माती, दोन्ही बाजूंना द्राक्षं आणि ऑलिव्हची झाडं. सप्टेंबरात गेलात तर तोडणी चालू असते, मळ्यात ट्रॅक्टर आणि टोपल्या. पांढरी वाईन मालवाझिया, लाल ती तेरान. दुपारी पिऊ नका, पुढे बोगदे आहेत.

बोगद्यांवरून आठवलं, लाइट न्याच. काहींमध्ये दिवे आहेत, पण उन्हातून एकदम आत शिरलं की दोन सेकंद काहीच दिसत नाही आणि खाली खडी. टायर ४० मिलिमीटरचे मागून घ्या, आतेभावाने बारीक घेतले आणि ग्रोझन्यानपासून लिवादेपर्यंतच्या उतारावर त्याचे हात बधिर झाले. ग्रोझन्यान हा मार्गावरचा सगळ्यात उंच भाग, २९३ मीटर, दगडी गल्ल्यांचं चित्रकारांचं गाव. तिथून पुढे झाव्हर्श्ये, ओपर्ताल्य करत, जुन्या दगडी पुलांवरून, तुम्ही पॅडल न मारता मिर्ना नदीच्या खोऱ्यापर्यंत घरंगळत येता. मला विचाराल तर सगळी ट्रिप या एका उतारासाठी करावी.

मोतोवुन मात्र फसवं आहे. रस्ता टेकडीच्या पोटातल्या बोगद्यातून जातो, गाव वर, आणि वर जायचा चढ हा रेल्वेचा नाही, तो घाम काढतो. रेसर मारिओ आंद्रेत्ती इथलाच, १९४० चा जन्म. आम्ही सायकली ढकलत गेलो, त्याला कळू देऊ नका. पोरेचला सहाव्या शतकातली बॅसिलिका आहे, आतलं सोनेरी मोझेक बघायला संध्याकाळी उशिरा पोचू नका, आम्हाला दार बंद मिळालं.

परतताना बसमध्ये इटलीच्या सीमेवर पोलीस चढले. शेंगेन असलं तरी २०२३ पासून तिथे पुन्हा तपासणी असते. १९०२ मध्ये हा सगळा प्रवास एकाच साम्राज्यातला होता, कोणी कोणाला काही विचारत नसेल. आमच्याकडे त्यांनी पासपोर्ट मागितले. मी आतेभावाकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

ब्लॉक झालेले ते पहिले ४०० युरो, जे कार्ड बंद व्हायच्या आधी गेले होते, ते सुटल्याचा मेसेज घरी आल्यावर सोळाव्या दिवशी आला, पहाटे पावणेचारला.